वीतभर अंतर

अण्णांच्या डाव्या अंगठ्यावर, नखाच्या अगदी शेजारी, एक घट्टा होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळसर, गुळगुळीत. लहानपणी मी त्यावर नख घासून बघायचो, त्यांना काही जाणवायचं नाही. तसबिरीच्या चौकटीच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली की अण्णा करवतीचं पातं रेघेवर टेकवायचे, अंगठ्याचं पेर बाजूने पात्याला लावायचे आणि पहिले दोन-तीन हात हलकेच स्वतःकडे ओढायचे. लाकडात बारीक खाच पडली की पुढे करवत आपली आपण रेघ धरते. तोवर तिला वाट दाखवणारा तो अंगठा. चाळीस वर्षं रोज शे-दोनशे वेळा पातं तिथे टेकलं आणि तिथली कातडीच जाड झाली.

पंढरपुरात आमचं तसबिरी मढवायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कामाची खोली. विठ्ठल-रुक्मिणीचे फोटो बारा महिने चालतात. त्यांच्या जोडीला गावातल्या घराघरांतले गेलेले आजी-आजोबा, लग्नातले जोडीचे फोटो, सत्काराची मानपत्रं. अण्णांच्या काळी पट्टी कापायची ती पेटीत. पेटी म्हणजे तीन फळ्यांची लाकडी पन्हळ, तिच्या दोन्ही भिंतींना पंचेचाळीस अंशांवर खाचा. पन्हळीत पट्टी ठेवायची, डाव्या तळव्याने दाबून धरायची, खाचेत करवत घालायची. मी सातवीत असताना त्या पेटीवर हात बसवला. अण्णांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही, की हात जितका पात्याजवळ तितका कट सरळ. लांबून धरलेली पट्टी थरथरते आणि कडेची ढलपी उडते.

हाताच्या करवतीसाठी हे शंभर टक्के खरं आहे. मशीन आल्यावर मला नेमकं हेच विसरावं लागलं, आणि विसरायला फार वेळ लागला.

२०११ साली मी मायटर सॉ घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याचं दुकान आठवावं. टेबलावर बसवलेलं गोल पातं, मागे बिजागरी, पुढे मूठ, मुठीत ट्रिगर. ट्रिगर दाबून मूठ खाली आणली की पातं मालावर उतरतं, सोडली की स्प्रिंग ते वर नेते. टेबल डावी-उजवीकडे फिरतं आणि ठरावीक अंशांवर खटकन अडकतं. तसबिरीवाल्याला त्यातला पंचेचाळीसचा खटका महत्त्वाचा. चौकटीचे चार कोपरे म्हणजे आठ कट. प्रत्येक कट अर्ध्या अंशाने चुकला तर शेवटचा कोपरा जुळवताना चार अंशांची फट पडते, आणि ती फट कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी लपत नाही. पेटीच्या खाचा वर्षभरात झिजून रुंद होत. मशीनने ती कटकट संपवली. ज्या कामाला अण्णांना सकाळ जायची ते मी चहाच्या आधी उरकू लागलो.

माझं पातं दहा इंची, ऐंशी दात्यांचं. मशीन मिनिटाला ४,८०० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला ऐंशी. पात्याचा घेर साधारण ८० सेंटिमीटर, तेव्हा कडेचा दाता ताशी २३० किलोमीटरच्या वेगाने जातो. एकदा वहीच्या मागच्या पानावर मी आणखी एक हिशोब केला. काही चुकतंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या वेळात पात्याचे सोळा फेरे होतात आणि १,२८० दाते पुढे सरकतात. हा आकडा मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय. मशीनवर ‘सावध राहीन, वेळेवर हात काढीन’ याला काही अर्थ नाही. हात तिथे नसणं, एवढाच उपाय उरतो.

मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पात्यापासून सहा इंचांच्या आत हात आणू नका. मी ते वाचलं होतं. पण ४ बाय ६ च्या फोटोला पाऊण इंची पट्टी लावली तर चौकटीची आखूड बाजू बाहेरून मोजूनही पाच-साडेपाच इंच भरते. सहा इंच लांब राहायचं तर तेवढीशी पट्टी धरायची कशाने? पुस्तिका सांगते, क्लॅम्प (माल आवळून धरणारा शिकंजा) लावा. माझ्या हाताला मात्र वीस वर्षांची सवय सांगत होती, दाबून धर.

त्या वर्षी आषाढीच्या आधीचा आठवडा होता. पालख्या अजून वाटेवर होत्या, पण गावात दिंड्या उतरायला सुरुवात झाली होती. एका दिंडीच्या विणेकऱ्यांनी छोट्या फोटोंची ऑर्डर दिली होती, वाटायला. ‘माऊली, एकादशीच्या आदल्या दिवशी हातात पाहिजेत,’ म्हणून गेले. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सागाची लांब पट्टी संपत आली आणि माझी नजर कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली.

त्या टोपलीबद्दल सांगायला हवं. अण्णांनी सागाचा तुकडा कधी टाकला नाही. सहा इंचाचा, पाच इंचाचा, जे उरेल ते टोपलीत. लाकूड म्हणजे झाड होतं, ते जाळायला नसतं, असं म्हणायचे. पेटीवर त्या तुकड्यांतून ते बिनदिक्कत लहान चौकटी काढत. मला या काटकसरीचा अभिमान होता, आजही आहे. पण मशीनवर कुणाची बोटं गेली असं कळलं की मी आता हळूच विचारतो, माल केवढा होता? लांब फळी कापताना गेलं असं उत्तर क्वचित येतं. बहुतेकदा हातात असतो एखादा तुकडा, टाकवत नव्हता म्हणून घेतलेला.

मी टोपलीतला सहा इंची तुकडा घेतला. तो जरा बाकदार होता, मध्ये पोकळ, आणि पोकळ बाजू मी फेन्सकडे, म्हणजे माल टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीकडे, ठेवली. म्हणजे पातं जिथे उतरणार तिथेच तुकडा आणि फेन्स यांच्यामध्ये फट. या पात्याचे दाते खाली उतरताना मागे फेन्सकडे जातात, त्यामुळे नीट टेकलेला माल आपोआप फेन्सला दाबला जातो. फट असेल तर मात्र दाते मालाला हिसडा देऊन ती फट बुजवतात. शिवाय टेबल पंचेचाळीसवर असलं की पातं मालाला तिरकं ढकलतं, माल फेन्सच्या कडेकडेने सरकू बघतो. लांब पट्टीला वजन असतं, ती हलत नाही. सहा इंचाच्या तुकड्याला अडवायला माझा अंगठा तेवढा होता.

आवाज बदलला, एवढंच आठवतं. घुर्र चाललं होतं त्यात खाडकन काही मोडलं. तुकडा फिरला, दुभंगला, कापलेला तिकोनी कपचा माझ्या कानाजवळून मागे गेला आणि भिंतीशी टेकवलेल्या एका काचेवर बसला. मी ट्रिगर सोडला. डाव्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा नव्हता. रक्त यायला थोडा वेळ लागला. नख तिरकं कापलं गेलं होतं, अगदी स्वच्छ, पंचेचाळीसच्या आसपास. त्याखालचं मांस जेमतेम सोललं होतं. अण्णांचा घट्टा होता तीच जागा.

अण्णा तेव्हा ब्याऐंशीचे होते, मशीनला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आवाज ऐकून घरातून आले. माझा हात उचलून दिव्याखाली धरला, उलटसुलट करून पाहिला, हळद आणायला सांगितली. मग भिंतीकडे गेले आणि प्लग काढून हातात धरून उभे राहिले. पातं थांबलंय याची खात्री झाल्यावर त्यांनी आपला डावा हात टेबलावर पसरला. अंगठ्याचं टोक पात्याच्या वाटेशी, करंगळी लांब डावीकडे. करंगळीपाशी पेन्सिलीने खूण केली. मग उजव्या बाजूलाही तसंच.

‘इथून आत हात आणायचा नाही,’ म्हणाले. ‘वीतभर.’

मी म्हटलं, ‘अण्णा, पुस्तकात सहा इंच दिलंय.’

‘पुस्तक लिहिणाऱ्याला आषाढीची घाई नसते,’ ते म्हणाले.

बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. इंचात मोजली तर वीत साधारण नऊ भरते. दुसऱ्या दिवशी मी त्या खुणांवर लाल ऑइलपेंटने रेघा ओढल्या. ऑर्डरीतल्या काही चौकटी त्या वर्षी वेळेवर झाल्या नाहीत. विणेकऱ्यांना बोट दाखवलं, तर त्यांनीच माझ्या पाया पडायला वाकावं तसं केलं आणि म्हणाले, फोटोचं काय एवढं, माऊली.

तेव्हापासून काम कसं चालतं ते सविस्तर लिहितो, कारण लहान चौकटी करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचा हात आजही पात्याजवळ असतो. लहान बाजू मी नेहमी लांब पट्टीतूनच काढतो. फेन्सला पुढून बारा मिलिमीटरच्या प्लायची फळी स्क्रूने बसवली आहे. पात्याने तिच्यात स्वतःपुरती फट पाडून घेतली, त्यामुळे बारीक कपच्यांना मागे जायला मोकळी जागा नाही, आणि कट नेमका कुठे पडणार तेही दिसतं. मापासाठी त्या फळीवर एक उलटणारा ठोकळा आहे, बिजागरीवर. पट्टी सरकवून ठोकळ्याला टेकवायची, क्लॅम्प आवळायचा, आणि कापायच्या आधी ठोकळा वर उलटायचा. हे उलटणं चुकवायचं नाही. ठोकळा तसाच राहिला तर कापलेला तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडतो, त्याला पळायला जागा नसते आणि पातं त्याला गोळीसारखा फेकतं. पट्टी बाकदार असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे. आणि प्रत्येक नव्या मापाला एकदा ट्रिगर न दाबता पातं खाली आणून बघायचं, ते कुठे उतरतंय आणि माझा हात कुठे आहे.

डावीकडचा माल उजव्या हाताने धरून डाव्या हाताने मूठ ओढायची, असा हातांचा फुलीचा आकार कधीच करायचा नाही. पात्याच्या वाटेवरून दंड आडवा जातो.

मग कापणं. ट्रिगर दाबल्यावर आवाज चढतो आणि एका पट्टीत स्थिर होतो. तो स्थिर झाल्यावरच पातं मालावर उतरवायचं. उतरवताना जोर नको. धार असेल तर पातं हलक्या दाबानेच वाट काढतं. जोर लावावासा वाटला की समजावं धार गेली. फायबरच्या पट्टीला फार रेंगाळलं तर ती वितळून दात्यांना चिकटते, तेवढा फरक हाताला कळू लागतो.

कट झाला की ट्रिगर सोडायचा आणि पातं खालीच ठेवायचं. वर न्यायचं नाही. नवा माणूस इथे चुकतो, जुनाही घाईत चुकतो. फिरतं पातं वर नेताना त्याच्या कडेला मोकळा पडलेला तिकोनी कपचा दात्यांत अडकतो आणि उडतो. माझ्या मशीनला ब्रेक नाही, पातं थांबायला दहा-अकरा सेकंद लागतात. दोनशे कटांच्या दिवशी हे सेकंद जमा केले तर अर्धा-पाऊण तास होतो, आणि धंद्यात अर्धा तास म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तरी तो द्यायचा. आमच्याकडे कामाला आलेल्या पोराला मी सुरुवातीला सांगितलं, दहा वेळा विठ्ठल म्हण आणि मग उचल. दोन दिवसांत लक्षात आलं की गिऱ्हाईक उभं असलं की त्याचे दहा विठ्ठल तीन सेकंदांत होतात. आता सांगतो, पात्यावर छापलेली अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं घाई करत नाहीत.

अंगावरच्या वस्तूंचा आपल्याकडे वेगळा विचार करावा लागतो. मनगटावर गंडा, राखी, कुठल्या देवस्थानचा लाल-पिवळा नाडा, हातात कडं. पोरगा राखीपौर्णिमेनंतर दोन-दोन महिने राखी काढत नाही. बहिणीची आहे, तुटेपर्यंत ठेवायची म्हणतो. त्याला म्हटलं, मशीनसमोर उभं राहायच्या आधी ती काढून गणपतीसमोर ठेवत जा, काम झालं की बांध. मी स्वतः माळकरी आहे, गळ्यातली तुळशीची माळ काढत नाही. मग शर्टाची वरची गुंडी लावायची आणि माळ आत. उपरणं खुंटीला. हातमोजे तर अजिबात नाहीत. पुष्कळांना वाटतं मोजे घातले की हात सुरक्षित. उघड्या बोटाला पातं लागलं तर ते कापतं. मोज्याचा धागा दात्यांत गेला तर पातं सगळा हात ओढून घेतं.

विजेचंही तसंच. माझं मशीन अठराशे वॉटचं, पावणेआठ अँपिअरच्या आसपास घेतं, त्याला सोळा अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. टीव्हीच्या बोर्डावरून ओढलेली बारीक वायर गुंडाळलेल्या अवस्थेत तापते. आणि कटाच्या मध्येच लाईट गेली, तर आधी ट्रिगर सोडायचा, मग प्लग काढायचा, मग बाकीचं. दुसऱ्या गावातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी पाहिलं, सतत दाबून बोट दुखतं म्हणून ट्रिगरला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. लाईट गेली, सगळे बाहेर बिडी ओढायला गेले. वीस मिनिटांनी लाईट आली आणि रिकाम्या खोलीत पातं एकटंच फिरू लागलं. त्याच कारखान्यात फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून, वरचं झाकण काढून प्लाय कापत होते. हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की बघणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मला ते पाहवत नाही. झाकण काढून टाकलेलं हत्यार एखाद्या कारागिराच्या हातात दिसलं की मी ओळख नसतानाही थांबतो आणि बोलतो. काही जण ऐकतात.

नखाचा कोपरा गेल्यावर मी एक गोष्ट वाचली, ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात हाताच्या बोटांचा तक्ता. कोणतं बोट गेलं की कमाईची ताकद किती टक्क्यांनी कमी झाली असं धरायचं, त्याचा. अंगठा ३० टक्के. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. हाड न जाता तर्जनीचा नुसता शेंडा गेला तर ५. उजवा हात असो की डावा. नुकसान मोजायला काही तरी माप हवं, हे मला कळतं, आणि ज्या कामगाराला त्या तक्त्याने पैसे मिळवून दिले त्याच्यासाठी तो मोलाचाच. पण मी तो वाचत असताना समोर अण्णा बसले होते, फोटोच्या काचेवरून तळवा फिरवून खडा राहिलाय का बघत होते. त्या अंगठ्याची टक्केवारी मला लावता येईना.

भुशाबद्दल आणि आवाजाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. धोका मुख्यतः नाकातल्या पोकळ्यांना. म्हणून मास्क, आणि मशीनच्या भुशाच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी. डोळ्यांना गॉगल, कानांना मफ. अण्णांचे कान शेवटपर्यंत तिखट होते, हाताच्या करवतीने त्यांचं काही बिघडवलं नाही. माझे तसे राहतील असं नाही.

भिंतीवर आणखी एक कागद आहे, त्याकडे कुणाला बघायची वेळ येऊ नये असा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फावर थेट ठेवू नका. १०८ ला फोन. सोलापूर इथून सत्तरेक किलोमीटर आहे, आणि वारीच्या दिवसांत रस्ते भरलेले असतात. म्हणून बर्फ कुठे मिळेल तेही त्या कागदावर लिहिलंय. शेजारचं रसवंतीगृह, आणि ते बंद असेल तर समोरच्या घरचा फ्रीज.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. टोपली अजून आहे. त्यातले तुकडे आता मशीनवर जात नाहीत, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी जुनी पेटी काढतो आणि हाताच्या करवतीने त्यांच्या लहान चौकटी करतो. अंगठा पात्याला लावून. तिथे तो शोभतो. पोरगाही शिकलाय. त्याचा अंगठा अजून मऊ आहे, संध्याकाळी लाल झालेला असतो.

मशीनवरच्या लाल रेघा भुशाने आणि मालाच्या घासण्याने फिकट होतात. दर वर्षी ज्येष्ठात, पालख्या निघायच्या सुमारास, मी त्या नव्याने रंगवतो. एकदा पोराने विचारलं, ‘दादा, परत मापून घेऊ का?’ मी माझी वीत टेबलावर टाकून पाहिली. अण्णांच्या रेघेपासून अर्धा इंच अलीकडेच ती संपली. त्याला म्हटलं, मापायचं काही नाही, जुन्या रेघेवरूनच ब्रश फिरव. पुसायच्या आत फिरव.